किराणा २

विसरणं ही अन्याय करणाऱ्याची सोय असते आणि लक्षात ठेवणं हे सोसणाऱ्याचं शस्त्र असतं. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. मी ते मोबाईलमध्ये लिहून ठेवलं आहे, कारण नाहीतर विसरलो असतो.

मोबाईलमध्ये त्या वाक्याच्या वर ‘चहा पावडर, अर्धा किलो’ असं आहे आणि खाली ‘फिनेल’. हे असं का, ते सांगायचं तर घरापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही सावेडीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी पुण्याला नोकरी करते. एका दिवाळीला ती घरी आली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या आमच्या चिठ्ठ्या पाहून अस्वस्थ झाली. तिनं आम्हां दोघांच्या मोबाईलमध्ये नोंदवहीचं ॲप टाकून दिलं. एकानं लिहिलं की दुसऱ्याला दिसतं, वस्तू आणली की पुढच्या चौकोनात खूण करायची, की तिच्यावर रेघ पडते. बायकोनं आठवडाभरात त्यात सगळं घर भरलं. ‘किराणा’, ‘औषधं’, ‘गॅस’, ‘शिंप्याकडची मापं’ आणि ‘पाण्याचे दिवस’, कारण आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि आजचा दिवस पाण्याचा की बिनपाण्याचा यावरून आमची बरीच भांडणं झालेली आहेत. एक नोंद ‘कुणाकडे काय गेलंय’ अशी होती. तिच्यात शेजारी गेलेला कुकर होता, माझ्या बहिणीकडे गेलेली घडीची खाट होती.

“ग्रंथपालाच्या घरात ही यादी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिजे होती,” बायको म्हणाली.

त्याच सुमारास आमचे प्राचार्य कुठल्याशा परिसंवादाहून परतले आणि त्यांनी कॉलेज पेपरलेस केल्याचं जाहीर केलं. जाहीर करणारं परिपत्रक टाईप केलेलं, सही-शिक्क्याचं, तीन प्रतींत होतं. ‘कागद म्हणजे मागासलेपणा’ असं वाक्य त्यांच्या फोटोसकट फाटकावर फ्लेक्सवर लागलं. आमच्या घरी होतं तेच ॲप सगळ्या स्टाफच्या मोबाईलमध्ये आलं आणि त्यात ‘प्रशासन’ नावाची सामाईक वही सुरू झाली. प्राचार्यांनी तिच्यात आदेश लिहायचा. ज्याच्यासाठी असेल त्यानं खाली ‘वाचले’ लिहायचं आणि काम झालं की ‘पूर्ण’ लिहून एका ओळीत अहवाल द्यायचा. तपासणीला सहीचा कागद लागतो असं ऑफिसनं सांगितल्यावर दर शनिवारी त्या वहीची प्रिंट काढून फाईलला लावायची पद्धत पडली. पूर्वी एका आदेशाला एक कागद लागायचा, आता तीन लागू लागले.

‘पूर्ण’ लिहिलं नाही तर प्राचार्यांच्या मोबाईलवर तो आदेश लाल दिसे. लाल दिसला की ते बोलावून घेत. त्यामुळे आधी ‘पूर्ण’ लिहायचं आणि मग काम करायचं, ही आमच्या कॉलेजची कार्यपद्धती झाली. कुणी ती ठरवली नाही. ती आपोआप आली, आणि आपोआप आलेल्या गोष्टी आमच्याकडे चांगल्या टिकतात.

आता मास्तरांबद्दल. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी आपला सगळा पुस्तकसंग्रह आमच्या ग्रंथालयाला दिला होता. चार कपाटं भरून होता. बांधून घेतलेले मासिकांचे जुने अंक, व्याकरणं, प्रवासवर्णनं, भजनांची पुस्तकं, शेतकीवरच्या पुस्तिका. रविवारी ते प्रार्थनेला जात आणि गुरुवारी माझ्याकडे येत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून स्वतःचीच पुस्तकं वाचत. चाळीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवल्यामुळे त्यांना मनात वाचता येत नसे. जे समोर येईल ते मोठ्यानं वाचत, मग ते पुस्तक असो, पाटी असो की बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे आपण पुटपुटतो आहोत अशी त्यांची समजूत होती. ‘शांतता राखा’ ही पाटीही ते दर गुरुवारी आल्या आल्या खणखणीत वाचत.

एका वर्षी पाहणी समिती येणार होती. मास्तरांच्या कपाटांच्या जागी प्राचार्यांना ‘डिजिटल कक्ष’ दाखवायचा होता. वहीत आदेश आला: ‘ग्रंथालयातील जुनी दान पुस्तके जिमखान्यामागील पत्र्याच्या शेडमध्ये तात्काळ हलवावीत.’

मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, “सर, पुस्तकं आहेत ती. शेडमध्ये नको.”

“ग्रंथपाल, तुम्ही पुस्तकांच्या प्रेमात आहात,” ते म्हणाले. “समिती प्रेम बघायला येत नाही.”

मास्तर तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे कोपरगावला होते. पुस्तकं सुतळीनं बांधून शेडमध्ये गेली. समिती आली, डिजिटल कक्षातले दोन संगणक पाहिले, त्यांतल्या एकाला नुसताच पडदा होता तोही पाहिला, समाधान व्यक्त केलं आणि जेवून गेली.

दीड महिन्यानं शेड उघडली. खालचे गठ्ठे भिजून फुगले होते आणि वरच्यांत वाळवीनं वाटा काढल्या होत्या. पाऊस तर नव्हता. आमच्या कॉलेजात शिपायांना मामा म्हणतात. त्यांतले सगळ्यांत जुने मामा माझ्यामागं उभे होते. त्यांनी वर बोट दाखवलं. शेडच्या डोक्यावर वसतिगृहाची पाण्याची टाकी आहे.

“पानी आलं की टाकी सांडंस्तोवर भरायची, सायेब. सांडलं की पत्र्यावर. पत्र्याला भोकं. लई वर्सं चाललंय.”

“मग बोलला का नाही, मामा?”

“तुमी इचारलं न्हाई.”

चौथ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती कागदावर होती. ‘ग्रंथपालांनी स्वतःच्या जबाबदारीवर सुरक्षित व कोरड्या जागी हलवावीत’ असा स्पष्ट आदेश असूनही मी हलगर्जीपणा केला, असं तिच्यात म्हटलं होतं. मी वही उघडली आणि वरची ओळ तेवढी वाचली. आदेश खरोखरच तसा होता. शब्दन् शब्द. जिमखाना नाही, पत्रा नाही, शेड नाही.

दोन दिवस माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. बायकोला म्हटलं, “मी चुकीचं वाचलं असेन का?”

“तुम्ही दूध विसरता,” ती म्हणाली. “अपमान विसरत नाही. तुम्ही वाचलं तेच होतं.”

माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा गेला. तो मी पचवला असता, सरकारी शाईची मला सवय आहे. पण प्राचार्यांनी मास्तरांना कोपरगावला फोन करून ‘ग्रंथपालांच्या निष्काळजीपणाबद्दल’ खेद व्यक्त केला. मास्तर परतल्यावर पहिल्याच गुरुवारी आले. पाटी वाचली. खिडकीजवळ गेले. कपाटांच्या जागी ठेवलेल्या संगणकासमोर उभं राहून “पासवर्ड टाका” असं वाचलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, “तुम्ही तरी.”

मी म्हटलं, “मास्तर, माझं ऐका.” त्यांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. पुढच्या गुरुवारी ती खुर्ची रिकामी होती, त्याच्या पुढच्याही. शेरा राहिला तरी चालेल, पण ते दोन शब्द मास्तरांनी परत घेतले पाहिजेत, असं मी ठरवलं. आणि ज्याच्यामुळे ते ऐकावे लागले त्यालाही ते कुणीतरी ऐकवले पाहिजेत, हेही.

मी एक नवी नोंद सुरू केली. तिला ‘सूड’ असं नाव देणं बरं दिसलं नसतं. स्टाफच्या बैठकीत शेजारचा प्राध्यापक नेहमी माझ्या मोबाईलमध्ये डोकावतो. म्हणून नाव दिलं ‘किराणा २’. प्राचार्य जे बोलतील ते वेळेसकट तिच्यात लिहायचं. ‘११.४०: मी शब्द फिरवणारा माणूस नाही, असे म्हणाले. १२.१०: मी तसे म्हणालोच नव्हतो, असे म्हणाले.’ ‘झाडे लावा कार्यक्रम. त्याच खड्ड्यात सलग तिसऱ्या वर्षी तेच झाड.’ ‘वाचनसंस्कृतीवर पन्नास मिनिटे बोलले. वाचून.’ लिहिताना बरं वाटायचं. काही माणसं सकाळी फिरायला जातात, मी हे लिहायचो.

घाईत ती नोंद मी घराच्या सामाईक वहीत उघडली होती, हे लक्षात यायला आठवडा गेला. बायकोला किराणा आणि किराणा २ यांत फरक करायचं कारण नव्हतं. तिनं तिच्यात मीठ लिहिलं, चहा पावडर लिहिली. मी वाक्य केलं, तिनं फिनेल लिहिलं. एका रविवारी तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “‘सत्कारासाठी स्वतःच शाल निवडून आणली’, हे आणायचं आहे की आणून झालंय?”

“ते सामान नाही.”

“मग खूण करू नको?”

“नको. अजून व्हायचंय.”

तिनं थोडं वाचलं असावं. बाहेर येऊन म्हणाली, “एवढं त्यांच्यावर लक्ष ठेवता, त्यातलं थोडं फिनेलवर ठेवा.”

पुढं एकदा तिच्याच हातून ‘औषधं’ सगळी पुसली गेली. तिनं मुलीला फोन केला आणि पाच मिनिटांत यादी जागेवर आली. मी पोहे खात होतो.

“पुसलेलं कुठं जात नाही म्हणे,” ती कौतुकानं सांगू लागली. “कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, ती दाबायची. आधी काय होतं, कुणी बदललं, किती वाजता, सगळं येतं.”

पोहे तसेच राहिले. कॉलेजात जाऊन मी ‘प्रशासन’ उघडली, तो आदेश काढला आणि तीन टिंबं दाबली. होतं. आधी जिमखान्यामागची पत्र्याची शेड, तात्काळ. मग माझी जबाबदारी, सुरक्षित व कोरडी जागा. बदल करणार, प्राचार्य. दिवस, शेड उघडल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. दुपारी तीन वाजून पाच मिनिटं. मी तेवढं दोनदा वाचलं आणि पान बंद केलं. त्याखालचं वाचायची गरज वाटली नाही.

संस्थेच्या चिटणीसांकडे जाता आलं असतं. पण प्राचार्य आणि चिटणीस शाळेत एका बाकावर बसलेले. चौकशी बसली असती, आणि आमच्याकडे बसलेली चौकशी उठत नाही. प्राचार्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते. मी थांबलो.

त्यांनीच बोलावलं. निरोप समारंभाचं मानपत्र मी लिहावं अशी त्यांची इच्छा होती. “भाषा तुमची चांगली आहे. मागचं मनात ठेवू नका,” ते म्हणाले.

“मनात काहीच ठेवलेलं नाही, सर,” मी म्हणालो. ते खरं होतं, सगळं मोबाईलमध्ये होतं. “एक सुचवू का? पेपरलेस मोहीम हे आपलं खरं काम. समारंभात पडद्यावर वही दाखवावी. आदेश कसा निघतो, कसा पाळला जातो, लोकांना दिसेल.”

ते खुर्चीत मागं रेलले. “नमुन्याला एखादा आदेश घ्या. डिजिटल कक्षासाठी पुस्तकं हलवली त्याचाच घ्या ना. तो तुमच्याच विभागाचा आहे.”

मी तोच सुचवणार होतो. त्यांनी माझे कष्ट वाचवले.

मग मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले नाहीत. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं म्हणालो, “मास्तर, प्राचार्यांचा निरोप समारंभ आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसायला या. पडद्यावर वाचायला आहे.”

“मला आता चांगलं दिसतं,” ते म्हणाले आणि दार लावलं. पण आले.

सभागृह भरलं होतं. हारतुऱ्यांऐवजी पुस्तक देण्याची प्रथा प्राचार्यांनीच सुरू केली होती. त्या दिवशी त्यांना मिळालेली सगळी पुस्तकं ते नंतर टेबलावरच विसरून गेले. मी मानपत्र वाचलं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, किराणा २ मधून घेतलेलं. ‘आपला शब्द आपण कधी साचू दिला नाही, तो सतत वाहता ठेवलात.’ ‘एकाच जागी पुन्हा पुन्हा वृक्षारोपण करण्याची आपली चिकाटी आम्ही पाहिली.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. मानपत्राची गंमत ही की ज्याचं असतं तोसुद्धा ते ऐकत नाही. ‘आपण’ हा शब्द किती वेळा आला एवढंच ऐकतो.

मग पडदा. मी आदेश उघडला, तीन टिंबं दाबली आणि बाजूला झालो. कुणी पाहिलं नाही. मागं बटाटेवड्याचा वास सुटला होता, लोक आपसांत बोलत होते. याची मला कल्पना होती. पडद्यावरचं आमच्या सभागृहात कुणी वाचत नाही. वाचणारा माणूस मी पहिल्या रांगेत बसवला होता.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. वर्गातला आवाज. “‘जुनी दान पुस्तके जिमखान्यामागील पत्र्याच्या शेडमध्ये तात्काळ हलवावीत.’ खाली. ‘ग्रंथपालांनी स्वतःच्या जबाबदारीवर सुरक्षित व कोरड्या जागी हलवावीत.’ बदल करणार, प्राचार्य. तीन वाजून पाच मिनिटं.” ते थांबले. सभागृह बोलायचं थांबलं होतं. मास्तर व्यासपीठाकडे वळले आणि चाळीस वर्षांची सवय बोलली: “आधी एक लिहिलंय, मग दुसरं लिहिलंय. हे खोडलं कुणी?”

प्राचार्यांनी शाल सारखी केली. मग पुन्हा सारखी केली. चिटणीस छताकडे बघत होते. मला इतका आनंद झाला की तो लिहून ठेवायचंही सुचलं नाही. तेव्हाच पडदा बंद करायला हवा होता. पण शाल तिसऱ्यांदा सारखी होताना मला बघायची होती, म्हणून मी पान तसंच राहू दिलं. आणि मास्तर पान अर्धवट सोडणारे नव्हते.

“त्याखाली,” ते वाचू लागले. “‘ग्रंथपाल. वाचले. पूर्ण. शेड पाहिली. कोरडी आहे.’ सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटं.”

पुस्तकं हलली दुपारी. सकाळी सव्वादहाला मी काउंटरवर चहा पीत होतो. शेड पाहिली नव्हती. लाल दिसू नये म्हणून हात जे रोज लिहीत असे तेच त्यानं लिहिलं होतं, आणि मी ते साफ विसरलो होतो.

निवेदकानं “यानंतर अल्पोपाहार” असं जाहीर केलं. गर्दीत प्राचार्य माझ्याजवळून गेले. “मानपत्र उत्तम होतं, ग्रंथपाल,” ते हळू म्हणाले. “आणि ‘कोरडी आहे’, हे विशेष.”

पुढच्या गुरुवारी मास्तर आले. पाटी वाचली. खुर्चीत न बसता माझ्या काउंटरसमोर उभे राहिले.

“शेड पाहिली होती?”

“नाही, मास्तर.”

“त्यांनी खोडलं. तुम्ही न बघता लिहिलं. दोघांनाही बाकावर उभं केलं असतं मी.”

“हो.”

“त्यांना जास्त वेळ,” ते म्हणाले. मग म्हणाले, “त्या पुस्तकांतली निम्मी मी उघडलीसुद्धा नव्हती. घरात जागा नव्हती म्हणून दिली. पण ती माझी गोष्ट.” आणि खुर्चीत जाऊन वर्तमानपत्रातली निविदासूचना वाचू लागले, मोठ्यानं. ते दोन शब्द त्यांनी परत घेतले नाहीत. गुरुवारी मात्र येतात. शेराही तसाच आहे, कारण लिहिणारा निवृत्त झाला की पुसणारा कुणी उरत नाही.

नवीन प्राचार्यही पेपरलेस आहेत. परवा वहीत आदेश आला: जुन्या प्राचार्यांच्या काळातल्या सगळ्या प्रिंटच्या फायली जिमखान्यामागील शेडमध्ये हलवाव्यात, देखरेख ग्रंथपालांची. पंधरा गठ्ठे होते. माझ्यावरच्या नोटिशीची प्रत त्यांतच कुठंतरी असणार.

या वेळी मी आधी शेडवर गेलो. पाण्याचा दिवस होता. टाकी सांडत होती, पत्र्यावर आवाज येत होता आणि आत चार ठिकाणी टपटपत होतं. मामा गठ्ठे घेऊन आले.

“सायेब, हितं ठिवायचं? भिजंल की.”

“आदेश आहे, मामा.”

सगळे गठ्ठे आत लागेपर्यंत मी उभा राहिलो. मग मोबाईल काढून लिहिलं, ‘पूर्ण. शेड पाहिली.’ घरी जाताना आठवणीनं फिनेल घेतलं.